आधी तिच्या वह्या परत करा

पत्राचा गोषवारा: मी 16 वर्षं मस्कतला नोकरी केली. मुलगी दहावीपर्यंत तिथेच शिकली. बारावी सायन्सला 74 टक्के आहेत. फार्मसीला घालायचं म्हणतो, तर ती म्हणते, अरबी शिकून कथा-कादंबऱ्यांची भाषांतरं करीन. वेळ वाया जाऊ नये म्हणून तिच्या भाषांतराच्या तीन वह्या मी कपाटात कुलूप लावून ठेवल्यात. अरबी तिला येतेच, त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची? तिला समजवा. – एक वडील, चिपळूण

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मला 74 टक्क्यांची काळजी वाटली नाही, त्या कुलपाची वाटली. अठरा वर्षांची मुलगी कुणी न सांगता तीन वह्या भरते आणि आपण त्या चोरीच्या मालासारख्या दडवून ठेवतो? उद्या ती मुकाट्याने फार्मसीला जाईलही, पण मनातलं तुम्हाला सांगणं कायमचं बंद करेल. वह्या आजच तिच्या हातात द्या. तिला समजवा म्हणता, पण मला समजवायचंय ते तुम्हाला.

'अरबी येतेच' हा तुमचा मोठा गैरसमज आहे. बाजारात बोलतात ती अरबी वेगळी, पुस्तकातली प्रमाण अरबी, म्हणजे फुसहा, वेगळी. 'काय?' एवढंच विचारायचं तर कैरोत 'एह', बैरुतला 'शू', बगदादला 'शिनो', आणि फुसहात चौथाच शब्द. एकाच कादंबरीत निवेदन फुसहात आणि आजीचं बोलणं बोलीत, असंही असतं. त्यात छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरं 'त्याने लिहिलं' अशीही वाचता येतात आणि 'पुस्तकं' अशीही, संदर्भावरून ओळखायचं. मस्कतमध्ये कानावर पडलेली अरबी ही नुसती सुरुवात झाली. शिवाय ज्या भाषेत उतरवायचं ती मराठी किंवा इंग्रजी त्याहून पक्की लागते.

या कामाला दिवस चांगले आलेत. 2008 पासून अबूधाबीत दिलं जाणारं अरबी कादंबरीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक विजेत्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरालाही पैसे देतं. 2019 मध्ये तुम्ही राहिलात त्याच ओमानच्या जोखा अल्हार्थी यांच्या कादंबरीला आंतरराष्ट्रीय बुकर हे इंग्रजीत भाषांतरित झालेल्या पुस्तकांचं पारितोषिक मिळालं. त्याचे 50,000 पौंड लेखिका आणि भाषांतरकार मॅरिलिन बूथ यांच्यात निम्मे-निम्मे वाटले गेले. पण बूथ ऑक्सफर्डला प्राध्यापक होत्या, हेही तिला सांगा. नुसत्या कादंबऱ्यांवर घर चालत नाही. शिकवणं, करारांची किंवा वैद्यकीय कागदपत्रांची भाषांतरं, दुभाषाचं काम, यातलं काहीतरी पोटापाण्यासाठी जोडावंच लागतं.

मराठीत तर अरबी साहित्य बहुतेक इंग्रजीवरूनच येतं. वकील, अर्ज, तारीख, हिशोब हे मूळचे अरबी शब्द आपल्या घरचे झाले, पुस्तकं मात्र अजून वळसा घालून येतात. ती थेट आणू पाहणारी मुलगी तुमच्या घरात आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

दिल्लीच्या जेएनयूत आणि हैदराबादच्या इफ्लूत, म्हणजे इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात, अरबीचं पदवी शिक्षण आहे. सीयूईटी या प्रवेश परीक्षेच्या तारखा बघून ठेवा. मुंबई विद्यापीठातही अरबी विभाग आहे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत एका पानाचं भाषांतर पाठवायला सांगा, मूळ अरबी पानासकट.