यकृताच्या एमआर इलॅस्टोग्राफीत, म्हणजे एमआरआयने यकृताचा कडकपणा मोजण्याच्या तपासणीत, वडिलांचा आकडा सहा महिन्यांत 3.1 वरून 3.6 किलोपास्कल झाला. आजार वाढला, की मशीनचाच फरक?

मी एमआरआय टेक्निशियन आहे. उपचाराचं डॉक्टर सांगतील, मी आकड्यापुरतं बोलतो.

3.1 वरून 3.6 म्हणजे साधारण 16 टक्के वाढ. उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेच्या क्यूआयबीए गटाने यासाठी 19 टक्क्यांची रेघ आखली आहे. मशीन आणि पद्धत तीच असताना फरक 19 टक्के किंवा जास्त असेल, तरच यकृत खरंच बदललं असं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. तुमचा फरक रेघेच्या आत आहे. म्हणजे आजार वाढलाच नाही असं नव्हे. एवढ्यावरून ठरवता येत नाही, इतकंच.

हा भरवसा तपासतात कसा? त्याच माणसाचा त्याच दिवशी दोनदा स्कॅन. आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा पहिला बकरा मीच होतो. उजव्या बरगड्यांवर ताटलीएवढी चकती पट्ट्याने बांधतात आणि बाहेरच्या यंत्रातून नळीने तिच्यात सेकंदाला 60 कंपनं येतात. उभ्या एसटीचं इंजिन चालू असताना खिडकीला टेकावं, तशी थरथर! मग पट्टा सोडून खाली उतरलो, पॅसेजमध्ये फेरी मारली, पुन्हा झोपलो. आधी 2.2, नंतर 2.3.

जेलसारख्या नमुन्यावर मशीन तपासणं सोपं, त्याला श्वास नसतो. माणसाला ‘श्वास सोडा आणि थांबा’ म्हटलं की निम्मे जण आधी छाती भरून घेतात! यकृत खाली सरकतं आणि चित्राचा काप यकृताच्या दुसऱ्याच जागेचा निघतो. जेवणाचंही तसंच. खाल्ल्यावर यकृताकडे रक्त वाढतं; निरोगी यकृताला फारसा फरक पडत नाही, पण फायब्रोसिस (यकृतात व्रणासारखे कडक तंतू साठणं) असेल तर आकडा चढतो. म्हणून चार ते सहा तास उपाशी ठेवतात. वडिलांना विचारा, दुसऱ्या खेपेला चहा-बिस्किटं झाली होती का? कावीळ, यकृताची सूज किंवा हृदय कमजोर असल्यानेही आकडा वाढतो. शरीरात लोह फार साठलं असेल तर नेहमीच्या पद्धतीत कधीकधी आकडाच मिळत नाही.

आणि मधेच कुणी फायब्रोस्कॅन (अल्ट्रासाऊंडने यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून 10 आले म्हणून घाबरवलं, तर एकक तेच असलं तरी मोजमाप वेगळं आहे. तिथले 9 म्हणजे ढोबळमानाने इथले 3.