फलकावरचं नाव तारीख सांगतं, पण अर्धीच
(वाचकांचे प्रश्न : जुन्या चित्रपटगृहांचे फोटो आणि आठवणी)

प्रश्न : घरात एका जुन्या चित्रपटगृहाच्या दर्शनी भागाचा कृष्णधवल फोटो सापडला. मागे काही लिहिलेलं नाही, पण फलकावरचं सिनेमाचं नाव वाचता येतं. वर्ष कसं ठरवायचं?

फलकावरून एवढंच कळतं की फोटो तो सिनेमा प्रदर्शित होण्याच्या आधीचा नाही. जुने सिनेमे पुन्हापुन्हा लागत असत, त्यामुळे फोटो दहा वर्षांनंतरचाही असू शकतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि तिकीट खिडकीजवळच्या काचपेट्या, भिंतीवरची पोस्टरं तपासा. ‘लवकरच’ म्हणून जाहिरात केलेल्या सिनेमाचं नाव मिळालं, तर चालू आणि आगामी अशी जोडी हाती येते. ही जोडी त्या गावच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या सिनेमाच्या जाहिरातींशी ताडून पाहिली की कित्येकदा आठवडाही निश्चित होतो. अक्षरं उलटी दिसली तर छापताना निगेटिव्ह पालथी लागली आहे. तसं असेल तर दरवाजे, गल्ली, शेजारची दुकानं या सगळ्याची डावी-उजवी बाजू बदलून वाचा.

आतला फोटो असेल तर आधी पडदा पाहा. 1953 साली सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत येईपर्यंत पडदे चौकोनाकडे झुकणारे असत. रुंदी उंचीच्या साधारण 1.37 पट. सिनेमास्कोपने ती 2.55 पट केली. रंगमंचाची नक्षीदार कमान झाकून पडदा तिच्यापुढे पसरलेला दिसला, तर फोटो बहुधा त्यानंतरचा. अरुंद पडदा मात्र पुरावा धरू नका, कारण अनेक चित्रपटगृहांनी तो बऱ्याच उशिरा बदलला.

शेवटी कागद तपासा. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च काही सेकंद धरा. कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात शुभ्रता वाढवणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात 1950 च्या दशकापासून वापरात आलं. न चमकल्यास काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरचे काही कागदही चमकत नाहीत. दुसरं असं की कागदाचं वय हे छपाईचं वय असतं. 1935 च्या निगेटिव्हवरून 1970 मध्ये प्रत काढलेली असू शकते. म्हणून नोंदीत ‘फोटो टिपला’ आणि ‘प्रत छापली’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. ही एक सवय लागली तरी निम्म्या चुका टळतात.

प्रश्न : प्रेक्षागृहाच्या फोटोत पडदा कोरा पांढरा आणि खुर्च्या रिकाम्या का दिसतात?

आत उजेड कमी असल्यामुळे शटर कित्येक सेकंद, कधी मिनिटंही उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात हललेली माणसं धूसर होतात किंवा पुसलीच जातात, म्हणून छायाचित्रकार रिकामं सभागृह पसंत करत. सिनेमा चालू असेल तर सेकंदाला 24 चौकटी एकावर एक साचतात आणि पडदा पांढरा होतो. कोऱ्या पडद्यावर नंतर चित्र चिकटवलेले जाहिरातीचे फोटोही सापडतात. चित्राची कड सुरीने कापल्यासारखी धारदार असेल तर तसा संशय घ्या.

प्रश्न : फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला आहे. कसा सोडवू?

कृपया सोडवू नका. ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला धरून बसतो. ओढलात तर चित्र काचेवर राहील आणि हातात कागद येईल. वाफ, हेअर ड्रायर, पाणी, काहीही वापरू नका. काचेसकट स्कॅन करा, किंवा कॅमेरा फोटोला समांतर ठेवून दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे लावा आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड टांगा. मग काचेत प्रतिबिंब येत नाही. पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला 600 डीपीआय (दर इंचाला 600 बिंदू) पुरेसं आहे. फाइल टिफमध्ये, म्हणजे चित्राचा तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवा. डाग पुसायचे असतील तर दुसऱ्या प्रतीवर पुसा, मूळ स्कॅनला हात लावू नका.

प्रश्न : डब्यातल्या जुन्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येतो.

ही ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म आहे आणि ती कुजते आहे. सुटणारं आम्ल कुजण्याचा वेग वाढवतं आणि शेजारच्या फिल्मलाही लागतं, म्हणून त्या आजच वेगळ्या करा. फिल्म आक्रसून सुरकुतण्याआधी स्कॅन करा. 35 मिमीला 3000 ते 4000 डीपीआय ठेवा. स्कॅनरची अवरक्त किरणांवर चालणारी धूळ काढण्याची सोय बंद ठेवा, कारण कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. नंतर पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.

वास झोंबणारा असेल, फिल्म चिकट किंवा तपकिरी झाली असेल, तर ती नायट्रेट, म्हणजे सहज पेट घेणारी जुनी फिल्म असू शकते. कोडॅकने ती 1951 पर्यंत बनवली. पेटली की ती स्वतःच्याच ऑक्सिजनवर जळते, त्यामुळे घोंगडी टाकून विझत नाही. हवाबंद डब्यात कोंडू नका, तुकडा जाळून तपासू नका. उष्णतेपासून दूर, हवेशीर जागी ठेवून चित्रपट संग्रहालयाला किंवा अग्निशमन दलाला विचारा.

प्रश्न : वयस्कर नातेवाइकांकडून चित्रपटगृहाच्या आठवणी नोंदवायच्या आहेत. फोटो दाखवून सुरुवात करावी का?

फोटो नंतर दाखवा. आधी दाखवलात तर माणूस फोटोचंच वर्णन करू लागतो आणि त्याची स्वतःची आठवण मागे पडते. कोरा कागद देऊन आराखडा काढायला सांगा : रांग कुठे लागायची, जिना कुठल्या बाजूला, प्रोजेक्टरची खोली कुठे. ‘कुठलं साल?’ असं विचारू नका. ‘तेव्हा तुम्ही कितवीत होता? बरोबर कोण होतं? तिकीट कोणी काढलं?’ असं विचारलं की साल आपोआप काढता येतं. मग फोटो पुढे ठेवा आणि आराखड्याशी न जुळणाऱ्या जागांवर बोलतं करा. आवाज वेव्ह (WAV) फाइलमध्ये नोंदवा, आणि रेकॉर्डिंगचा क्रमांक फोटोच्या पाकिटावर पेन्सिलने लिहा, फोटो पाकिटात घालण्याआधीच, म्हणजे पेन्सिलीचा दाब चित्रावर उमटणार नाही.