माझ्या ७२ वर्षांच्या आईचा गुडघा एका रात्रीत सुजला, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं, मग हा गाऊट कसा?

युरिक अ‍ॅसिड नॉर्मल आलं म्हणून गाऊट (युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारी सूज) नाहीच असं नसतं, अटॅक चालू असताना ते कमीही दिसू शकतं. पण आईंचं वय ७२ आणि दुखणं गुडघ्यात म्हणताय तर आधी स्यूडोगाऊट डोक्यात येतो, यात कॅल्शियम पायरोफॉस्फेट या क्षाराचे स्फटिक कूर्चेत (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात) साठत जातात आणि कधीतरी सांध्यात सुटले की गुडघा लाल, गरम, टम्म. माझ्या सासूबाईंना हेच झालेलं, अंगावरची चादर गुडघ्याला लागली तरी ओरडायच्या.

नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नका. सुईने गुडघ्यातलं पाणी काढून पोलराइज्ड (खास प्रकाशाच्या) मायक्रोस्कोपखाली बघतात, ती खरी टेस्ट. गाऊटमधले युरेटचे (युरिक अ‍ॅसिडचे) स्फटिक सुईसारखे आणि झगझगीत, स्यूडोगाऊटचे मात्र आखूड, शंकरपाळ्याच्या आकाराचे आणि फिकट, त्यामुळे घाईत बघितलं तर सुटतात. १९६२ मध्ये अमेरिकेत मॅकार्टी आणि सहकाऱ्यांनी असंच पाणी तपासून हा आजार गाऊटपासून वेगळा काढला. एक्स-रेत कूर्चेवर पांढरी रेघ दिसते, पण नाही दिसली तरी आजार असू शकतो.

तेच पाणी कल्चरलाही (जंतू वाढतात का बघायला) पाठवायला सांगाच, कारण स्फटिक आणि इन्फेक्शन दोन्ही एकदम असू शकतं, ताप असेल तर आजच जा. आणि कॅल्शियमच्या गोळ्या घाबरून स्वतःहून बंद करू नका, खाण्यातल्या कॅल्शियमने हे होत नाही. वय साठच्या आत असतं तर पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारी मानेतली ग्रंथी), मॅग्नेशियम, लोह पण तपासायला सांगितलं असतं.