बहीण शिक्षिकेची नोकरी सोडायची म्हणते, तिला काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की बहीण आठ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मुलांवर तिचा जीव आहे, तरी हल्ली रविवारी संध्याकाळीच तिचा चेहरा उतरतो आणि ती राजीनाम्याची भाषा करते. घरातले म्हणतात, पक्की नोकरी, सुट्ट्या, पगार, मग त्रास कसला?

मी द्विशिक्षकी शाळेवर आहे. कळकळीने सांगतो, घरातल्यांचं हे बोलणं आधी थांबवा. तिला खरोखर त्रास होतोय.

तो कसला, ते एका दिवसावरून सांगतो. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू आहे. पोरं आता कुठे दशकाकडून उसना घ्यायला लागलीत, तेवढ्यात पोषण आहाराच्या ताई तांदळासाठी दारात. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम. हजेरी मोजायची, तांदूळ वजन करून द्यायचा, साठा नोंदवहीत लिहायचा. शिजल्यावर चव घेऊन सही करायची, ॲपवर संख्या टाकायची. मध्येच ग्रुपवर ‘अतितातडीचे, दुपारपर्यंत माहिती सादर करावी’. तीच माहिती गेल्या महिन्यात वेगळ्या नमुन्यात दिलेली असते. त्यात जोडीदार शिक्षक केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत, बैठकीला गेले, की चारही वर्ग आपल्याकडे. शाळा सुटते तेव्हा वजाबाकी अर्धीच राहिलेली. असं रोज व्हायला लागलं की जीव लावून शिकवणारा माणूस आधी खचतो, कारण त्यालाच ते लागतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. पण माहिती भरणं, फोटो पाठवणं, रजिस्टरं ही ‘शाळेचीच’ कामं धरली जातात, म्हणून ती कायद्यात अडकत नाहीत. शिक्षक टिकवायचे तर माझ्या मते पहिली गरज आहे ती केंद्र पातळीवर माहिती भरणाऱ्या एका माणसाची. प्रेरणेची प्रशिक्षणं त्यानंतर. दोन शिक्षकांच्या शाळेत तर एकाला बैठकीला बोलावणं म्हणजे निम्मी शाळा बंद ठेवणं, आणि हे वरच्यांना कळत नाही याचा मला मनापासून राग येतो.

आता तुमच्या बहिणीचं. त्यांना विचारा, सगळं टपाल, म्हणजे ही माहिती भरायची कागदी कामं, कोणी दुसऱ्याने केलं तर उद्या शाळेत जावंसं वाटेल का? ‘हो’ म्हणाल्या, तर शिकवण्यावरचं मन उडालेलं नाही. मग लगेच राजीनामा नको. आधी रजा घ्यायला लावा. 18 वर्षांखालचं मूल असेल तर बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत 180 दिवस. तब्येत बिघडली असेल तर वैद्यकीय रजा. झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर डॉक्टरांकडे न्या, त्यात कमीपणा काही नाही. शाळा बदलून फरक पडेल असं वाटत असेल तर बदलीच्या टप्प्याची वाट बघा. चांगला जोडीदार शिक्षक मिळाल्यावर पुन्हा उभे राहिलेले लोक मी पाहिलेत.

घाई नको म्हणतो त्याला कारण आहे. आज सोडलं आणि पुढे परत यावंसं वाटलं, तर पुन्हा शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, भरतीचं पवित्र पोर्टल, आणि तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरलेल्या मानधनावर काम. तेव्हाचं मानधन प्राथमिकला दरमहा 16,000 रुपये, तेही 2023 मध्ये वाढलं म्हणून, त्याआधी 6,000 होतं.

आणि विश्रांती घेऊनही त्या ‘नाही’च म्हणाल्या, वर्गाचं दार बघूनच छातीत धडधडत असेल, तर सोडू द्या त्यांना. तेव्हा घरातून एकानेही ‘एवढी सरकारी नोकरी घालवली’ असं म्हणू नये, ही जबाबदारी तुम्ही भाऊ म्हणून घ्या.