मुलाला अंडं, मुलीला चहा-चपाती

प्रश्न : यंत्रमागावरची कमाई, कधी काम तर कधी बसून. मुलगा १५ वर्षांचा, कबड्डी खेळतो म्हणून अंडं-दूध त्याला. मुलगी १४ ची, यंदा नववीत. सकाळी चहा-चपाती खाऊन जाते, कायम दमलेली. हिमोग्लोबिन १०.४ आलं. जास्त खर्च न करता काय करावं?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : आधी हा रिपोर्ट घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन किमान १२ हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी ॲनिमिया होऊ नये म्हणून असते, १०.४ वर रोजचा डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतील. जंताच्या गोळीचंही विचारा. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यायची, दूध-चहासोबत नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

आता ताटाकडे. खेळतो म्हणून मुलाला भूक जास्त, हे खरंच. लोहाचं गणित मात्र उलटं आहे : १३ ते १५ वयात मुलाला रोज २२ मिलिग्रॅम, मुलीला ३०, कारण पाळीत रक्त जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया होता, मुलांत ३१ टक्के. शिवाय शाळेतलं जेवण आठवीपर्यंतच. नववीत गेली की दुपारचं ते ताट जातं, आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

तीन अंडी असतील तर कांदा घालून भुर्जी करा आणि चौघांत वाटा. उकडलेलं अख्खं अंडं हमखास एकाच्याच ताटात जातं. मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा, लोखंडी कढईत उसळ करा, ताटात घेतल्यावर वर लिंबू पिळा. मोड आणि लिंबू, दोन्हींमुळे लोह अंगी लागतं. चहा जेवणाआधी-नंतर तासभर नको. त्यातलं टॅनिन लोह अडवतं. गुळाच्या खड्यावर विसंबू नका, त्यात लोह फार थोडं.

दहा रुपयांच्या वेफर्सऐवजी डब्यात मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे द्या. साधारण तेवढ्याच पैशांत १२-१३ ग्रॅम प्रथिनं होतात.

प्रश्न : पैशाची अडचण नाही. मुलगा १६ चा, प्रोटीन पावडरचा हट्ट धरून बसलाय. १५ वर्षांची मुलगी कंबरेसाठी रात्रीचं जेवत नाही.
– एक वडील, ठाणे

उत्तर : मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. अर्धा लिटर दूध (१६), दोन अंडी (१२), ५० ग्रॅम डाळ (११), पाच चपात्या (१६) : झाली बेरीज. पावडरचा डबा आणायची गरज नाही. मुलीशी वजनाचा विषय काढू नका. रात्री सगळे एकत्र जेवायला बसा, तिला एक भाकरी, वरण, भाजी तरी वाढा. आणि पाळी तीन महिने आली नसेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.