'ऑल अलाँग द वॉचटॉवर' बसवण्याआधी

प्रिय,

गॅदरिंगला तुमचा बँड 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' करतोय आणि तू सध्या गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सने त्यात वाजवलेला सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) घोकत बसलीयस, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. छान आहे, पण सोलो आता थोडे दिवस बाजूला ठेव. आधी बॉब डिलनचं मूळ गाणं ऐक, अगदी कंटाळा येईपर्यंत.

डिलनने ते नोव्हेंबर 1967 मध्ये नॅशव्हिलला रेकॉर्ड केलं. त्याची अकूस्टिक गिटार आणि हार्मोनिका, चार्ली मॅकॉयचा बेस, केनी बटरीचे ड्रम्स, बस, एवढंच, अडीच मिनिटांत गाणं खलास. कोरस म्हणजे ध्रुवपद नाही, तीन कडवी, आणि गंमत म्हणजे गोष्ट संपते तिथे खरं तर ती सुरू व्हायला हवी होती. विदूषक आणि चोर आधीच बोलून घेतात आणि शेवटच्या कडव्यात लांबून दोन घोडेस्वार येताना दिसतात, वारा सुटतो, आणि गाणं थांबतं. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) पण तीनच, सी शार्प मायनर, बी, ए, परत बी, आणि हेच चक्र शेवटपर्यंत फिरत राहतं, कुठेच सुटका नाही. डिलनने त्यात किती जागा मोकळी सोडलीय हे एकदा कानाला कळलं ना, की हेंड्रिक्सने काय केलं ते आपोआप समजतं.

डिलनचा अल्बम डिसेंबरच्या शेवटी आला आणि जानेवारी 1968 मध्ये हेंड्रिक्स लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत हेच गाणं रेकॉर्ड करत होता! डेव्ह मेसन बारा तारांच्या गिटारवर होता, त्याचा बेसवाला नोएल रेडिंग मधूनच निघून गेला म्हणून बेसही हेंड्रिक्सनेच वाजवला, मग न्यूयॉर्कला जाऊन त्यावर आणखी रेकॉर्डिंगचे थर चढवले. तू जो मधला मोठा सोलो घोकतेयस तो नीट ऐक, त्याचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. आधी साधी लीड म्हणजे एकेक सुराची चाल, मग तारांवर नळी घसरवत वाजवलेली स्लाइड, मग वाह-वाह नावाच्या पेडलचा आवाज, आणि शेवटी तो चक्क कॉर्डच वाजवत वर चढतो. तो एकटाच चार वेगळी माणसं बोलावीत तसं वाजवतोय, म्हणून नुसते सूर पाठ करून काही हाताला लागणार नाही, प्रत्येक भाग कशासाठी आलाय ते कळलं पाहिजे. आणि हो, त्याची गिटार अर्ध्या सुराने खाली लावलेली आहे, रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना तुझीही तशी लाव नाहीतर उगाच स्वतःच्या कानाला दोष देत बसशील.

यातली मला सगळ्यात भिडणारी गोष्ट म्हणजे डिलनने स्वतःच हेंड्रिक्सचं रूप मान्य केलं. 1974 च्या दौऱ्यात 'द बँड' नावाच्या ग्रुपबरोबर तो हे गाणं वाजवायला लागला ते हेंड्रिक्सच्या वळणाने, आणि हेंड्रिक्स गेल्यापासून आपण ते तसंच करतोय असं त्याने पुढे लिहूनही ठेवलंय. लाइव्ह त्याने सगळ्यात जास्त वेळा वाजवलेलं गाणं हेच. ज्याचं गाणं तोच दुसऱ्याकडून शिकला, आणि एवढं मोठं मन असल्याशिवाय ते होत नाही असं मला मनापासून वाटतं.

बाकीची कव्हर्स, म्हणजे इतरांनी केलेली याच गाण्याची रूपं, पण ऐक. एक्सटीसी या बँडने 1978 मध्ये शब्द तोडून तोडून असं काही गायलंय की पहिल्यांदा राग येतो, पण ते ऐकच. नील यंगने 1992 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डिलनच्याच कार्यक्रमात वाजवलेलं तर फार आवडतं मला, रांगडं आणि सरळ. बेअर मॅक्रिअरीने एका टीव्ही सिरीजसाठी त्यात सतारीचा आवाज आणला. यू-टू या बँडचं मला जमत नाही, जोर भरपूर आहे पण नवीन काही सापडत नाही त्यात.

आता तुमच्याबद्दल. हेंड्रिक्सची हुबेहूब नक्कल करू नका, तुम्ही चौघं आहात, तुमच्याकडे तो स्टुडिओ नाही आणि ते थर स्टेजवर येणारही नाहीत. तुमच्या गायिकेचा आवाज खालच्या पट्टीत छान लागतो ना, मग पहिलं कडवं नुसत्या बेसवर म्हणू दे, ड्रम्स दुसऱ्या कडव्यापासून, आणि सोलोत तू चारातला एकच रंग निवड आणि तोच मनापासून वाजव. शेवटी घोडेस्वार आल्यावर लांबवत बसू नका. रविवारपर्यंत मला फक्त आवाज आणि बेसचं रेकॉर्डिंग पाठव, गिटार त्यात कुठून आत यायची ते आपण फोनवर ठरवू.