पुस्तकांसाठी चित्रं काढताना एकच माध्यम धरावं, की वेगवेगळी वापरावीत? सगळी वापरली तर स्वतःची शैली हरवते का?

शैली हरवत नाही. मी बरीच वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि माध्यम दरवेळी मजकूर वाचूनच ठरवते.

कीटकांवरचं पुस्तक आलं तेव्हा टाक आणि काळी शाई घेतली. पंखांतल्या शिरा, पायांवरचे केस रेषेतच नीट कळतात. सावली ठिपक्यांनी दिली. दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ म्हणजे उजळ. असं काम साध्या कागदावरही स्वच्छ छापलं जातं.

पावसाच्या गोष्टीला मात्र जलरंगच. ओल्या कागदावर रंग सोडला की कडा आपोआप विरघळतात आणि अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचे कण कागदाच्या खळग्यांत बसून ढग दाणेदार होतो. हे हाताने रंगवून येत नाही, पाण्यावर सोडावं लागतं. त्यासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, हलका कागद पाण्याने फुगतो. पण जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. अंधारात उजळलेल्या खिडक्या काढायच्या तर त्या जागा आधीपासून राखाव्या लागतात. अशा वेळी मी गॉश वापरते. हाही पाण्यात कालवायचा रंग, पण तो अपारदर्शक असल्याने गडदावर उजळ रंग चढतो. फक्त सुकताना फसवतो: फिका रंग थोडा गडद होतो, गडद थोडा फिका. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा पट्टा सुकवून बघते, मगच चित्रावर लावते.

एकदा शाईच्या रेखाटनावर जलरंग दिला आणि सगळे चेहरे ओघळले. शाई वॉटरप्रूफ नव्हती. पूर्ण पान पुन्हा काढावं लागलं, त्याचं दुःख अजून आठवतं. रेषेवर पाणी फिरणार असेल तर आधी कोपऱ्यात तपासाच.

आता शैलीचं. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसने १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हळूहळू ब्रशऐवजी कात्री हाती घेतली, रंगवलेले कागद कापून चित्रं केली. तरी ती त्याचीच आहेत हे लगेच ओळखू येतं. माणसाचे खांदे किती झुकवायचे, पानात रिकामी जागा कुठे सोडायची, कुठला तपशील गाळायचा, हे निर्णय टाक धरला काय किंवा ब्रश, तुमचेच राहतात. शैली मला तिथे दिसते.

एक पथ्य मी पाळते: एका पुस्तकात मध्येच माध्यम बदलायचं नाही, गोष्टीचीच तशी मागणी असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर एकच प्रसंग शाईत, जलरंगात आणि गॉशमध्ये काढून तिन्ही चित्रं शेजारी ठेवा. तिन्हींत जे सारखं दिसेल ते लिहून काढा.